पाटी लांझोउची, हात हुआलोंगचे

बऱ्याच दिवसांपासून या विषयावर लिहायचं मनात होतं. पण आधी रिलीज, मग रिलीजनंतरचे बग्ज, मग त्या बग्जच्या फिक्समधले बग्ज, यात तीन वीकेंड गेले. काल शनिवारी मात्र लॅपटॉप उघडलाच नाही, सरळ स्वयंपाकघरात शिरलो. अर्धा किलो मैदा, मीठ, पाणी आणि चिमूटभर पापडखार. बेत असा की नुसत्या हाताने ताणून नूडल्स करायच्या. यंत्र नाही, सोऱ्या नाही, लाटणं नाही, सुरी नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. कणकेचा दोर केला, ताणला, मधोमध दुमडला, दोन पदर झाले. पुन्हा ताणला, दुमडला, चार झाले. तिसऱ्यांदा ताणला आणि सगळं प्रकरण तुटून ओट्यावर पडलं. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "अरे, पीठ मुरू दे की जरा. आत्ता मळलंस आणि आत्ता ओढतोस होय?"

तर माझा स्कोअर चार. ज्याच्याकडून हे वेड लागलं तो पोरगा जेमतेम वीस वर्षांचा होता आणि त्याचा स्कोअर होता एकशे अठ्ठावीस. दर वाडग्याला. दिवसभर.

गोष्ट २०१७ ची. मार्चमध्ये मी नऊ महिन्यांसाठी ऑनसाईट बीजिंगला गेलो. आमचं ऑफिस हायदियान भागात होतं, जिकडे सगळ्या कॉम्प्युटरवाल्या कंपन्या आणि युनिव्हर्सिट्या आहेत तिकडे. पहिला आठवडा केळी, ब्रेड आणि आईने बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी यावर काढला. मेनूकार्ड वाचता येत नाही, फोटोवरून काही कळत नाही आणि विचारावं तर समोरच्याला आपली भाषा कळत नाही. आमच्या टीममध्ये एक हैदराबादी मित्र होता. त्याला हलालच लागायचं, त्यामुळे त्याचा शोध माझ्यापेक्षा जास्त पद्धतशीर होता. एका संध्याकाळी तो माझ्या डेस्कशी येऊन म्हणाला, "भाई, मिल गया. सुअर का टेन्शन नक्को, चल."

ऑफिसमागच्या जुन्या वसाहतीत, एका इमारतीच्या तळमजल्यावर ते दुकान होतं. सहा टेबलं, भिंतीवर याक चरत असलेल्या कुरणाचा भलामोठा फोटो, गल्ल्यावर डोक्याला रुमाल बांधलेली मालकीणबाई. दारावरच्या पाटीवर वाडग्याचं चित्र, चार मोठी चिनी अक्षरं आणि कोपऱ्यात हिरव्या रंगात अरबी लिपी. ती चार अक्षरं म्हणजे 'लांझोउ लामिएन'. 'ला' म्हणजे ओढणं, 'मिएन' म्हणजे पिठाच्या शेवया. लांझोउ हे वायव्य चीनमधलं, गान्सू प्रांताच्या राजधानीचं शहर. चीनच्या कुठल्याही शहरात जा, ही पाटी तुम्हाला दिसणारच. आपल्याकडे गावोगावी उडुपी हॉटेल दिसतं, तसंच.

इथलं प्रसिद्ध खाणं म्हणजे गोमांसाच्या रश्शातल्या नूडल्स. मी काय खावं आणि काय खाऊ नये हा माझ्या आणि आईच्या मधला विषय आहे, तो इथे नको! मी आपलं टोमॅटो-अंड्याचं कालवण घातलेल्या कोरड्या नूडल्स मागवायचो. अठरा युआन. रस्सा नको, मांस नको, एवढं सांगण्यापुरतं चिनी दोन दिवसांत शिकलो. तिखट तेलाचा डबा टेबलावरच असायचा. त्यानंतर नऊ महिने मी आठवड्यातून निदान चारदा तिथे जेवलो असेन.

पण खरं आकर्षण काचेमागे होतं. तिथे तो पोरगा उभा असायचा. पांढरी टोपी, पिठाने माखलेले हात. मुरलेल्या कणकेची जाड वळी घ्यायची, दोन्ही टोकं धरून हात फाकवायचे, मधला भाग ओट्यावर 'धप्प' करून आपटायचा, मग दोन्ही टोकं एका हातात घेऊन दुसऱ्या हाताच्या बोटात मधला वेढा अडकवायचा आणि पुन्हा हात फाकवायचे. मी पहिल्याच दिवशी मोजलं. सात घड्या. दोनाचा सातवा घात, १२८. आपल्या धंद्यातल्या माणसाला हे बघून काय गुदगुल्या होतात ते वेगळं सांगायला नको.

ढोबळ गणित मांडून बघा. एका वाडग्याची कणीक हात फाकवून सव्वा मीटर ताणली तर तिची जाडी साधारण दीड सेंटिमीटर भरते. दर घडीला पदर दुप्पट होतात, प्रत्येकाचा छेद निम्मा होतो, म्हणजे जाडी दोनाच्या वर्गमुळाने भागली जाते. सात घड्यांनंतर जाडी सव्वा-दीड मिलिमीटर आणि एकूण लांबी एकशे साठ मीटर! हे सगळं अर्ध्या मिनिटात. जाडी आपण सांगायची. भिंतीवर यादीच होती: 'माओ शी' म्हणजे केसासारख्या, 'एर शी' म्हणजे मध्यम, 'दा ख्वान' म्हणजे पट्ट्यासारख्या रुंद आणि 'जिऊ ये' म्हणजे लसणीच्या पातीसारख्या चपट्या. हे शेवटचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मे महिन्यात ऑफिसात कल्चरल डे होता. प्रत्येकाने चीनबद्दल आवडलेल्या एका गोष्टीवर पाच मिनिटं बोलायचं. मी अर्थातच नूडल्स घेतल्या. इंटरनेटवरून चार गोष्टी उचलल्या आणि पहिल्याच स्लाईडवर मोठ्या अक्षरांत टाकलं, 'लांझोउ लामिएन: ४००० वर्षांची अखंड परंपरा'. टाळ्या पडल्या. नंतर चहाच्या वेळी टेस्टिंग टीममधली एक मुलगी शांतपणे जवळ आली. ती स्वतः लांझोउची. म्हणाली, "छान बोललास. फक्त एक सांगू का? लांझोउमध्ये 'लांझोउ लामिएन' मिळत नाही. आम्ही नुसतं 'बीफ नूडल्स' म्हणतो आणि सकाळी नाश्त्याला खातो. आणि ते तुझं दुकान आहे ना, ते लांझोउच्या माणसाचं नसणार."

च्यायला! म्हणजे एका ओळीत तीन बग्ज. परंपरा, गाव आणि नाव. मग मी वाचायला लागलो. त्याचंच हे सार.

आधी ते चार हजार वर्षांचं. ही गोष्ट हवेतली नाही. पीत नदीच्या वरच्या अंगाला, छिंगहाय प्रांतात लाजिया नावाचं उत्खननाचं ठिकाण आहे. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी भूकंप आणि पूर यांनी ते गाव गाडलं. घरांत माणसांचे सांगाडे जसेच्या तसे सापडले, त्यात मुलाला कवटाळून बसलेली बाईसुद्धा आहे. तिथेच तीन मीटर गाळाखाली एक मातीचा वाडगा पालथा पडलेला मिळाला. उचलला तर आत गाळाच्या ढेकळावर पिवळसर शेवयांचं वेटोळं. जाडी सुमारे ०.३ सेंटिमीटर, लांबी ५० सेंटिमीटरच्या वर. २००५ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत ही बातमी आली आणि जगभर गाजली. शोधकर्त्यांनी लिहिलं होतं की या शेवया कणीक हाताने ताणून केलेल्या लामिएनसारख्या दिसतात.

पण तपासणीत धान्य निघालं ते गहू नव्हे, तर राळा आणि वरीच्या जातीचं भरड धान्य. इथे आपल्या घरातल्या कुठल्याही बाईने लगेच हरकत घेतली असती. राळ्याचं पीठ ताणून बघा! गव्हात दोन प्रथिनं असतात, ग्लायडिन आणि ग्लुटेनिन. पाणी घालून मळलं की दोघांचं मिळून ग्लुटेन नावाचं जाळं बनतं. एकामुळे कणीक ताणली जाते, दुसऱ्यामुळे ती तुटत नाही. राळ्यात हे जाळं नाही. म्हणून बाजरीची भाकरी थापावी लागते आणि गव्हाची पोळी लाटता येते. नंतरच्या संशोधकांनी नेमकी हीच शंका घेतली आणि २०१४ मध्ये मूळ गटातल्या मंडळींनीच प्रयोग करून दाखवलं की भरड धान्याचं पीठ भोकांतून दाबून अशा शेवया पाडता येतात. म्हणजे आपण सोऱ्यातून कुरडया पाडतो तशा. उत्तर चीनमध्ये ही दाबून शेवया पाडायची पद्धत आजही आहे.

थोडक्यात, वाडगा चार हजार वर्षांचा खरा, पण त्यातली वस्तू त्या पोरग्याच्या १२८ पदरांची आजी नव्हे. फार तर लांबची मावशी.

मग ताणायची कला कधीची? त्यासाठी आधी गहू हवा आणि नुसता गहू असून भागत नाही, जातं हवं. गहू चीनमध्ये पश्चिमेकडून आला आणि बराच काळ तो भातासारखा अख्खा शिजवून खात. हान राजवटीच्या काळात फिरतं दगडी जातं पसरलं, तेव्हा कुठे पिठाचे पदार्थ वाढले. त्या सगळ्यांना मिळून तेव्हा एकच नाव होतं, 'बिंग'. पोळी बिंग, वाफवलेला गोळा बिंग आणि गरम पाण्यात शिजवलेले कणकेचे तुकडेही बिंगच. तिसऱ्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराला शू शी नावाच्या विद्वानाने या बिंगवर अख्खं काव्य लिहिलं. कडाक्याच्या थंडीत सकाळी अंगात ऊब आणायला गरम रश्शातल्या बिंगसारखं काही नाही, असं तो त्यात म्हणतो. लांझोउवाले आज सकाळी सात वाजता वाडगा घेऊन उभे असतात, त्यांना हे नक्की पटेल.

त्यानंतर सहाव्या शतकात, साधारण ५४० च्या आसपास, जिया सशिए नावाच्या अधिकाऱ्याने 'छीमिन याओशू' हा शेतीवरचा ग्रंथ लिहिला. शेती, गुरं, आंबवण, लोणची, सगळं त्यात आहे. त्यात एक कृती आहे. पीठ रेशमी कापडातून चाळायचं, गार केलेल्या मांसाच्या रश्श्यात मळायचं, हाताने ओढून जेवणाच्या काडीएवढं जाड करायचं, फूटभर लांबीचे तुकडे पाण्यात भिजत ठेवायचे आणि मग पातेल्यावर धरून बोटांनी दाबत दाबत पातीइतकं पातळ करायचं. कसली पात? तीच ती, 'जिऊ ये'. पंधराशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथातला शब्द माझ्या अठरा युआनच्या दुकानाच्या भिंतीवर होता. मला विचाराल तर 'अखंड परंपरा' हे शब्द कुठे वापरायचे असतील तर इथे वापरावेत. आणि मिंग काळात, १५०४ सालच्या सोंग शू याच्या पाककृतींच्या पुस्तकात तर कणीक ताणून नूडल्स करण्याचं सरळ वर्णनच मिळतं.

आता लांझोउ. हे शहर पीत नदीच्या काठी, जुन्या रेशीममार्गावर. इथे हुई मुसलमानांची मोठी वस्ती. हुई म्हणजे चिनी बोलणारे, चिनी दिसणारे, पण धर्माने मुसलमान. हलालसाठी चिनीत शब्द आहे 'छिंगजन'. शब्दशः 'शुद्ध आणि सत्य'. या मंडळींमुळे तिथे डुकराऐवजी गुरांचं आणि याकचं मांस. लांझोउच्या बीफ नूडल्सचं श्रेय सहसा मा बाओझ या हुई माणसाला देतात. १९१५ च्या सुमाराला तो खांद्यावर कावड घेऊन गरम नूडल्स विकत फिरायचा, मग दुकान काढलं. त्याआधीच्या काही पिढ्यांच्या आणि हनान प्रांतातून आलेल्या कृतीच्याही कथा सांगतात. म्हणजे हा वाडगा आज आहे तसा जेमतेम शंभर-दोनशे वर्षांचा. त्याचं स्पेसिफिकेशन मात्र पक्कं: रस्सा नितळ, मुळा पांढरा, मिरचीचं तेल लाल, कोथिंबीर आणि लसणीची पात हिरवी, शेवया पिवळसर. पाचांपैकी एक जरी चुकलं तरी लांझोउवाला नाक मुरडणार.

तो पिवळसर रंग येतो कशाने? तर राखेने. त्या भागातल्या खारट, रेताड जमिनीवर एक झुडूप उगवतं. ते जाळून जी राख मिळते तिला 'फंगहुई' म्हणतात. ती पाण्यात विरघळवून कणकेत घालायची. त्यातल्या क्षाराने कणीक चिवट होते, रंग पिवळसर होतो आणि एक खास वास येतो. हे वाचलं आणि मी खुर्चीत ताठ बसलो. कारण आपला पापडखार! पूर्वी राजस्थान-सिंधच्या बाजूला खारट जमिनीवरची झुडपं जाळूनच सज्जीखार करत आणि पापडात घालायला तोच वापरत. दोन वाळवंटं, दोन झुडपं, एकच रसायनशास्त्र. काल मी मैद्यात पापडखार घातला तो यामुळे. आता लांझोउतही झुडूप जाळत बसत नाहीत, पाकिटातली तयार पावडर मिळते.

लांझोउचा माणूस या वाडग्याबद्दल किती हळवा आहे याचं एक उदाहरण. जून २००७ मध्ये पीठ, मांस, तेल सगळंच महागलं म्हणून तिथल्या दुकानदारांनी भाव वाढवले. शहरात इतका आरडाओरडा झाला की प्रशासनाने भावावर मर्यादाच घातली: साध्या दुकानात मोठा वाडगा २.५० युआनच्या वर विकायचा नाही. बाजारपेठ मोकळी करून तीस वर्षं होत आलेल्या देशात सरकारने नूडल्सचा भाव ठरवावा का, यावर मग देशभर वाद झाला. वडापावचा भाव मंत्रालयाने ठरवला तर काय होईल, कल्पना करा.

पण मग माझ्या दुकानाचं काय? ते लांझोउचं नाही तर कुठलं? एका शनिवारी दुपारी दुकान रिकामं होतं. पोरगा बाहेर स्टुलावर बसून फोन बघत होता. मी भाषांतराचं ॲप काढलं आणि विचारलं, "तू लांझोउचा का?" तो हसला. त्याने स्वतःच्या फोनवर नकाशा उघडला, लांझोउच्या पश्चिमेला सरकवला आणि एका जागी बोट ठेवलं. हुआलोंग. छिंगहाय प्रांत, उंचावरचा, कोरडा, डोंगराळ तालुका. शेती पावसावर. चुलत्याच्या दुकानात तो पंधराव्या वर्षी आला. आधी भांडी घासली, मग कणीक मळली आणि दोन वर्षांनी ओढायला मिळालं. आता पैसे साठवून स्वतःचं दुकान काढायचं. त्याच्या वाडीतल्या बहुतेक घरांतलं कोणी ना कोणी कुठल्या ना कुठल्या शहरात कणीक ओढतंय.

खरी गोष्ट इथे आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीला हुआलोंगची काही हुई माणसं हजारो मैल लांब, दक्षिणेच्या किनाऱ्यावर शियामेन वगैरे शहरांत गेली आणि त्यांनी नूडल्सची दुकानं टाकली. तिथे कारखाने उभे राहत होते, बाहेरगावचे कामगार लोटत होते आणि त्यांना स्वस्त, गरम, पोटभर जेवण हवं होतं. या धंद्याला भांडवल कमी लागतं. एक चूल, एक ओटा, नवरा-बायको आणि दोन पुतणे. एकाचं चाललं की तो गावाकडून मेहुण्याला बोलावणार, मेहुणा भाच्याला. दोन-तीन वर्षं राबायचं आणि मग वेगळं व्हायचं. तीस वर्षांत अशी हजारो दुकानं झाली. पुढे स्थानिक सरकारनेही कर्ज आणि प्रशिक्षण दिलं. देशभरच्या 'लांझोउ लामिएन' पाट्यांपैकी बहुसंख्य पाट्यांमागे हुआलोंग आणि आसपासची माणसं आहेत.

मग पाटीवर लांझोउ का? कारण हुआलोंग कोणाला माहीत आहे! लांझोउ राजधानी, रेल्वेचं मोठं जंक्शन, नूडल्ससाठी आधीच प्रसिद्ध. नाव उसनं घेतलं आणि चाललं. लांझोउवाल्यांना याचा राग आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. रस्सा पातळ, मांस नावाला आणि वर आमचं नाव! टेस्टिंगवालीचाही सूर तोच होता. पण हेही खरं की ते नाव चीनच्या गल्लीबोळात नेलं ते हुआलोंगच्या हातांनी. यातला योगायोग बघा: लाजियाचा तो चार हजार वर्षांचा वाडगा सापडला तो मिनहे तालुक्यात. मिनहे आणि हुआलोंग दोन्ही छिंगहायच्या हायदोंग विभागात. म्हणजे ज्या डोंगरांचं नाव कुठल्याही पाटीवर नाही, त्यांच्याच पायथ्याशी जगातल्या सगळ्यात जुन्या नूडल्स पुरलेल्या होत्या.

पोरग्याने मग मला उलटा प्रश्न टाकला. "तू भारतात कुठला?"

मी म्हटलं, "मुंबई."

बोललो आणि जीभ चावली. मी मुंबईचा नाही. मी चाळीसगावचा. पण गेली दहा वर्षं, विमानात, क्लायंटच्या मीटिंगमध्ये, ऑफिसच्या ओळखपरेडीत, मी 'मुंबई'च सांगत आलोय. चाळीसगाव सांगितलं की पुढे नकाशा काढा, जळगाव जिल्हा समजवा, केळी समजवा. मुंबई म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि आपण पुढे सरकतो. आणि हा मनुष्य दोन मिनिटांपूर्वी 'लांझोउ'च्या पाटीखाली बसून मला खरं गाव सांगून मोकळा झाला होता.

त्या उन्हाळ्यात बीजिंगमध्ये एक मोहीम चालू होती. जुन्या इमारतींच्या तळमजल्यांवर भिंती फोडून जी दुकानं काढली होती, त्यांची दारं-खिडक्या विटांनी बुजवायची. माझ्या दुकानाचंही दार ऑगस्टमध्ये बंद झालं. एका सकाळी गेलो तर दाराच्या जागी नवी कोरी विटांची भिंत. दुकान मात्र चालू! मागच्या अंगणातून एका खिडकीतून ऑर्डर द्यायची आणि वाडगा घेऊन कट्ट्यावर बसून खायचं. आतून 'धप्प, धप्प' आवाज येतच होता. मग १८ नोव्हेंबरला शहराच्या दक्षिणेला, दाशिंग भागात बाहेरगावच्या कामगारांच्या इमारतीला आग लागून १९ माणसं गेली आणि त्यानंतर अशा वस्त्या रिकाम्या करण्याचा सपाटा सुरू झाला. ऐन थंडीत लोक गाठोडी घेऊन रस्त्यावर दिसायचे. डिसेंबरमध्ये माझं प्रोजेक्ट संपलं. शेवटच्या दिवशी खिडकी बंद होती.

सप्टेंबर २०१९ मध्ये दोन आठवड्यांसाठी पुन्हा जायचा योग आला. पहिल्याच संध्याकाळी त्या वसाहतीत गेलो. दोन गल्ल्या पलीकडे, रीतसर गाळ्यात, दुकान सापडलं. मालकीणबाई तीच, याकचा फोटोही तोच. पाटी नवीन होती. वाडगा होता, लांझोउ होतं, पण कोपऱ्यातली हिरवी अरबी अक्षरं नव्हती. त्याच वर्षी जुलैच्या अखेरीला रॉयटर्सने बातमी दिली होती की बीजिंगमधल्या हलाल दुकानांना पाट्यांवरची अरबी लिपी आणि इस्लामी चिन्हं काढायला सांगितलं जातंय. मी बाईंना काही विचारलं नाही. ॲपवर भाषांतर करून विचारण्यासारखा तो प्रश्न नव्हता. म्हणजे उसनं घेतलेलं नाव पाटीवर राहिलं आणि त्यांची स्वतःची म्हणावीत अशी जी काही अक्षरं होती, ती गेली.

काचेमागे दुसराच पोरगा होता. आधीचा? बाईंनी हातानेच लांब कुठेतरी दाखवलं आणि फोनवर टाईप केलं, त्याने दुसऱ्या शहरात स्वतःचं दुकान टाकलंय. वाचून इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशी दोन प्लेट खाल्ल्या.

नव्या पोराने वाडगा ठेवताना तोच प्रश्न विचारला. कुठला?

या वेळी मी चाळीसगाव म्हटलं. त्याला अर्थातच काही कळलं नाही. मग मी नकाशा उघडला, मुंबईवरून ईशान्येला सरकवला आणि बोट ठेवलं. त्याने वाकून बघितलं, मान हलवली आणि परत जाऊन कणीक आपटायला लागला.

असो. ही सगळी कहाणी काल ओट्याशी उभा राहून आईला सांगितली. ती म्हणाली, "त्यात काय एवढं? तुझी आजी मांडे करायची, ते काय लाटण्याने?" आणि खरंच की! खानदेशातले पुरणाचे मांडे हातावरच मोठे करतात आणि पालथ्या खापरावर टाकतात. त्यालाही पीठ भिजवून, तिंबून तिंबून सैल करावं लागतं, नाहीतर हातावरच फाटतं. सगळी गंमत त्या मुरण्यात आहे. ग्लुटेनचं जाळं मळताना ताठरतं, त्याला सैल पडायला वेळ द्यावा लागतो.

मग आम्ही उरलेली कणीक ओल्या फडक्याखाली तासभर ठेवली. दुसऱ्या प्रयत्नाला आईने ओढलं. सोळा. मी टोमॅटो-अंड्याचं कालवण केलं. त्यात अंडं आईला चालत नाही, म्हणून तिच्यासाठी नुसतं टोमॅटोचं. पुढच्या शनिवारी बत्तीसचा प्रयत्न आहे. रिलीज नसेल तर.